लाजाळूचा पट्टा

एका जंगलात, बरं का मुलांनो, एक सायाळ राहायची. जंगल कुठलं ते विचारू नका. विचारलंत तर नकाशा काढावा लागेल, आणि नकाशा निघाला की मागोमाग रस्ता निघतो. तर नुसतं जंगल.

सायाळीचं नाव शरयू. वय म्हणाल तर सायाळींच्या हिशोबात चाळिशीचं. म्हणजे जवळचं नीट दिसत नाही आणि लांबचं बघायचा उत्साह नाही, असं.

शरयूचं काम होतं खेळ बनवायचं. बिया, वेली, पोकळ बांबू, जे मिळेल त्यातून ती पोरांसाठी नवेनवे खेळ रचायची. एकदा तिनं अस्वलाच्या पिल्लांसाठी मधाच्या वासावरून वाट शोधायचा खेळ केला. सात वळणं, तीन चकवे, एक गुप्त वाट. पिल्लं सरळ नाकासमोर चालत पोळ्यापाशी गेली, मध खाल्ला आणि झोपली. शरयू सगळ्यांना सांगत सुटली, "डेमो छान झाला. फक्त थोडा लवकर संपला."

शेजारच्या ढोलीत नलू नावाची खार राहायची. तोंडानं फटकळ, पण डाळिंबाचे दाणे आणून देणारी.

"शरयू, एक विचारू? राग मानू नकोस," नलू म्हणायची. "पोरं तशीही खेळतातच. मग तू नक्की करतेस काय?"

शरयूला राग यायचा नाही. कारण हाच प्रश्न ती स्वतःला दिवसातून दोनदा विचारायची. एकदा काम सुरू करताना आणि एकदा जेवण झाल्यावर.

शरयूला एक मुलगी होती. टोची. काट्यांची एवढीशी गुंडी. आता तुम्हीच सांगा, काट्यांच्या पोरीशी पकडापकडी कोण खेळणार? पकडलं तर पकडणाराच रडत घरी जातो. पण जंगलातल्या पोरांनी यावर तोडगा काढला होता. कुठल्याही मोठ्याला न विचारता काढला होता, म्हणून तो चांगला होता. टोचीला हात लावायचा नाही. तिच्या सावलीवर पाय दिला की ती आउट. मग सगळ्यांनाच तो नियम आवडला, आणि सगळेच एकमेकांच्या सावल्या पकडायला लागले.

पण सावली पडायची तर ऊन पाहिजे. दाट झाडीत कसलं ऊन? अख्ख्या जंगलात एकच मोकळी जागा होती, बेहड्याच्या झाडाजवळचं पटांगण. तिथे सकाळपासून ऊन यायचं आणि ऊन उतरेपर्यंत पोरं घरी यायची नाहीत.

आणि नेमकं तेच पटांगण कमिटीला हवं होतं.

हो, जंगलात कमिटी होती, एका झाडाखाली भरायची. अध्यक्ष होते आबासाहेब गवा. मोठा देह, मऊ आवाज, आणि दिवसभर तोंडात काहीतरी. चिटणीस होत्या गोदाबाई घोरपड. त्या पळसाच्या पानावर नखानं सगळं टिपून घ्यायच्या. एकदा त्यांनी एखादा मुद्दा धरला की सोडवायला तिघं लागायची.

आबासाहेबांना पटांगणावर 'ज्येष्ठ रवंथ केंद्र' काढायचं होतं. पाठीवर कोवळं ऊन घेत सगळ्या बुजुर्ग मंडळींनी शांतपणे रवंथ करावं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा.

त्यांनी शरयूला बोलावून घेतलं.

"बाई, आमचा मुलांना विरोध नाही," आबासाहेब म्हणाले. "आम्हीही एके काळी वासरंच होतो. पण पटांगणावर मुलं करतात काय?"

"खेळतात," शरयू म्हणाली.

"खेळतात म्हणजे?"

"म्हणजे... धावतात. ओरडतात. पडतात."

गोदाबाईंनी लिहिलं. धावणे. ओरडणे. पडणे. "पुढे?" त्यांनी विचारलं.

"मजा येते त्यांना."

"किती?"

आबासाहेबांनी घास एका गालातून दुसऱ्या गालात सारला.

"रवंथाचं कसं, सगळं मोजलेलं आहे," ते म्हणाले. "एका घासाला पन्नास वेळा चावणे. मजेचं तसं काही असेल तर दाखवा. पौर्णिमेपर्यंत वेळ देतो. मोजून दाखवलीत तर पटांगण मुलांचं. शब्द देतो."

शरयू घरी आली तर टोची दारातच बसलेली.

"आई, पटांगण जाणार?"

"कोण म्हणालं?"

"चितळाचं पाडस. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं की झाडीत खेळायचं, साधी पकडापकडी." टोचीनं पायानं माती उकरली. "ते म्हणाले, टोची, तू अंपायर हो."

शरयूच्या पाठीवरचा एकेक काटा ताठ झाला. अंपायर कोणाला करतात हे तिला माहीत होतं. लहानपणी तीही अंपायर होती. फार निःपक्षपाती होती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठी जाऊन पालथी पडली. विचार करताना ती अशीच पडायची. (उताणं पडून विचार करायची सोय सायाळींना नाही.) छातीखाली लाजाळूची रोपं होती. ती चिरडू नयेत म्हणून ती जरा बाजूला सरकली आणि सरकता सरकता थांबली.

लाजाळूचं एक पान तिच्या छातीला जेमतेम टेकलं होतं. छातीत धडधड होत होती, आणि प्रत्येक धडधडीला पानाचं एकेक दल मिटत होतं. टुप. टुप. टुप. आतलं बाहेर दिसत होतं!

शरयू ताडकन उठली. दुपारपर्यंत तिनं पट्टा तयार केला. सालीची मऊ पट्टी, तिच्यावर लाजाळूची आख्खी डहाळी, मुळाशी ओलं शेवाळ म्हणजे दिवसभर टवटवीत राहील. छातीला बांधायचा. मन शांत असेल तर पानं उघडी. आत काही हललं की पानं मिटणार.

नलू बघायला आली. "हे काय, गळपट्टा?"

"अंगावर घालायचं यंत्र आहे. पोरांना किती मजा येते ते आता दिसेल."

"पोरांचं तोंड बघूनही दिसतं गं."

"तोंड कमिटीला चालत नाही, नलू."

पहिला डेमो पटांगणावरच झाला. आबासाहेब आले, गोदाबाई आल्या. शरयूनं ससुल्याला, पाडसाला, माकडाच्या पोराला आणि टोचीला पट्टे बांधले आणि म्हणाली, "पळा!"

पोरं पळाली. दोन उड्यांत सगळ्यांची सगळी पानं मिटली. झालं. पोरं धावत राहिली आणि पट्टे काटक्यांसारखे लोंबत राहिले.

"ही पानं मिटली ती मजेनं, की धक्क्यानं?" गोदाबाईंनी विचारलं.

"दोन्हीनं असेल," शरयू पुटपुटली.

"वाऱ्यानंही मिटतात हो," वर फांदीवरून नलू म्हणाली. ती कुठल्या बाजूनं होती ते तिचं तिलाच ठाऊक.

आबासाहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. "बाई, धक्का वजा करा आणि निव्वळ मजा तेवढी दाखवा. अजून आठ दिवस आहेत."

आता धक्का वजा करायचा म्हणजे काय करायचं? मुलांना बसवायचं. शरयूनं बसवलं. हलायचं नाही म्हणून सांगितलं. पानं छान उघडी राहिली. शरयू खूश होऊन जवळ गेली, तर ससुल्या झोपला होता. माकडाचं पोर डोळे उघडे ठेवून झोपलं होतं, त्याला शाळेचा अनुभव होता.

त्या दिवशी शरयू पट्टे गोळा करू लागली. टोची मात्र आपला पट्टा देईना. ती ससुल्यासमोर फतकल मारून बसली. ससुल्याला जाग आली. टोचीनं एक डोळा मिटला, नाक वर केलं आणि गाल फुगवून हुबेहूब आबासाहेबांसारखं चघळायला लागली.

ससुल्या हलला नाही. पण त्याच्या छातीवरची पानं टुप टुप टुप करत मिटली.

"हरलास!" टोची ओरडली.

"थांब, आता मी!" ससुल्या ताठ बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "टोची, तुझी आई दुपारी घोरते ना, तेव्हा आमच्या बिळाची माती पडते. बाबा म्हणतात, छत गेलं तर सायाळीणबाईंना बिल पाठवायचं."

टोचीची चौदा पानं एकदम मिटली.

शरयू बघतच राहिली. दोघं समोरासमोर बसायचं. हात लावायचा नाही, हलायचं नाही. समोरच्याला आतून हसवायचं. ज्याची पानं आधी मिटतील तो हरला. ह्यात कुणाला काटा टोचायचा प्रश्नच नव्हता. टोची तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या इतकी जवळ बसून खेळत होती. नाकाला नाक लागेल इतकी जवळ.

चार दिवसांत जंगलातलं प्रत्येक पोर तो खेळ खेळायला लागलं. सकाळी सावल्या, दुपारी लाजाळू. नलूसुद्धा एकदा बसली. तिची पानं बांधता बांधताच मिटली. खारीचं काळीज ते. पण म्हणाली, "हे जमलंय हं तुला." नलूच्या तोंडून असं निघालं की ते डाळिंबाच्या दाण्यांहून गोड लागायचं. शरयू दोन दिवस हवेत होती. सायाळ हवेत असली की कशी दिसते ते विचारू नका.

पौर्णिमेला सकाळीच कमिटीच्या झाडाखाली दुसरा डेमो झाला. पोरं जोड्याजोड्यांनी बसली. डोळे चमकतायत, ओठ दाबलेले, आणि टुप टुप टुप. गोदाबाई पानं मोजत फिरल्या.

"ससा, अकरा. पाडस, नऊ. सायाळ कनिष्ठ, चौदा."

"वा!" आबासाहेब म्हणाले. "वा, बाई! घाम नाही, धूळ नाही, आरडाओरडा नाही. आणि मजा मोजून चौदा! शब्द दिला होता, तो पाळणार. पटांगण..."

मुलांनो, इथे शरयूनं गप्प बसायला हवं होतं. तुम्हाला कळतंय, मला कळतंय, फांदीवरच्या नलूला तर फारच कळत होतं, ती शेपटीनं खाणाखुणा करत होती. पण कधी नव्हे ते आपलं काहीतरी जमलं की तोंडाला आवर राहत नाही.

"आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, आबासाहेब," शरयू म्हणाली, "हा खेळ कुठेही खेळता येतो! जागा लागतच नाही. अगदी बिळातसुद्धा!"

आबासाहेबांचं चघळणं थांबलं.

"जागा लागतच नाही?"

"अजिब..." शरयू म्हणाली, आणि उरलेला शब्द गिळायचा तिनं प्रयत्न केला. पण गोदाबाईंनी तो पूर्ण लिहून घेतला होता.

"गोदाबाई, लिहा," आबासाहेब आनंदानं म्हणाले. "मुलांची मजा सिद्ध झाली. तिला जागा लागत नाही हेही सिद्ध झालं. सबब मुलांनी आपापल्या बिळात मजा करावी. पटांगणावर परवा सकाळी रवंथ केंद्राचं उद्घाटन. बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

पोरं उठली. एकेक पट्टा सोडून शरयूच्या पायाशी ठेवू लागली. पट्टा ठेवताना ससुल्या म्हणाला, "काकू, खेळ चांगलाय हो." त्यानं तर शरयूला जास्तच लागलं.

टोची शेवटी आली. ती रडत नव्हती.

"आई, मला आवडतो तो खेळ. पण बसून बसून झालं की मग काय करायचं?"

खेळ बनवण्याच्या कामात पुढचा प्रश्न नेहमी पोरंच विचारतात आणि तो नेहमी उशिरा विचारतात.

ती पट्ट्यांचा भारा उचलून निघाली, तोच मागून आवाज आला.

"बाई, तो एक पट्टा... म्हणजे सहज आपलं. माझ्या मापाचा होईल का?"

शरयूला आबासाहेबांचा राग आला होता. पण काय करणार? कुणीही 'मलाही बांधा' म्हटलं की तिचे हात आपोआप चालायला लागायचे. सवयच तशी. तिनं सहा पट्टे एकमेकांना जोडले, तेव्हा कुठे आबासाहेबांच्या छातीला वेढा बसला. समोर गोदाबाईंना पट्टा बांधून बसवलं.

गोदाबाई घोरपड. थंड रक्त. दगडावर बसल्या की दगडच. त्यांची पानं ढिम्म हलेनात. आबासाहेबांची मात्र लगेच मिटली.

"हे काय? मला तर हसू आलं नाही!"

"रवंथ, आबासाहेब," शरयू म्हणाली. "जबडा हलतो ना, त्याचा हादरा खाली जातो."

"असं? मग थांबवतो." त्यांनी घास तसाच गालात धरला. पानं हळूहळू उघडायला लागली. एक, दोन, तीन. इतक्यात त्यांच्या पोटात गुडगुड झाली आणि सगळी मिटली. गव्याला पोटाचे चार कप्पे असतात, मुलांनो. एक गप्प बसला तर दुसरा बोलतो.

"हरलात," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी हे पानावर लिहूनही घेतलं.

"पुन्हा," आबासाहेब म्हणाले.

पुन्हा हरले. पुन्हा. पुन्हा. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांची पाच पानं एकदम उघडी राहिली होती, आणि एक माशी पाठीवर बसली म्हणून कातडं थरथरलं, तीही गेली.

"उद्या सकाळी नवा पट्टा आणा," आबासाहेब म्हणाले. "हा वाळला म्हणून हरतोय मी."

वाटेत नलूनं तिला गाठलं. "नको देऊस! सांग, लाजाळू संपली. तुझ्या पोरीचं पटांगण घेतलं आणि वर खेळायलाही तुझाच पट्टा पाहिजे त्यांना?"

शरयूनं पट्ट्यांचा भारा खाली टेकवला. मग म्हणाली, "नलू, दुपारभर आबासाहेब उठले का गं एकदा तरी?"

"नाही."

"पाणी प्यायला?"

"नाही. का?"

"काही नाही," शरयू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दव सुकायच्या आत ती ओढ्याकाठी पोचली. जून लाजाळू निबर असते, जरा हललं तर मनावर घेत नाही. कोवळं रोप मात्र नुसत्या श्वासानं मिटतं. शरयूनं सगळ्यात कोवळी रोपं निवडली. आबासाहेबांच्या छातीला तिनं नवा पट्टा अगदी हळुवार बांधला आणि म्हणाली, "हलू नका हं. आत्ता कुठे जुळतंय तुमचं."

तिनं यात काही खोटं सांगितलं नव्हतं. यंत्र चालवायचं तर सूचना द्याव्याच लागतात.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पटांगणाच्या तोंडाशी वेल बांधली होती, आबासाहेबांनी शिंगानं तोडायची म्हणून. सांबर आले, नीलगायी आल्या, दोन म्हातारे रानरेडे एकमेकांना धरून आले. अध्यक्षांचा पत्ता नाही. सगळे शोधत कमिटीच्या झाडाखाली गेले.

आबासाहेब डोळे अर्धे मिटून बसले होते. समोर गोदाबाई.

"आबासाहेब, चला. वेल तोडायचीय," थोरले सांबर म्हणाले.

"हळू बोला," आबासाहेब ओठ न हलवता म्हणाले. "सहावं पान उघडतंय."

"कसलं पान?"

"हे. ही माझी आतली शांती आहे. बारा उघडली की मी जिंकलो, असं ठरलंय आमचं."

सांबरांनी वाकून पाहिलं. म्हाताऱ्या रानरेड्यांनी पाहिलं. नीलगायी तर रांगेतच उभ्या राहिल्या.

"आम्हाला हे कुणी सांगितलं नाही कधी," एक नीलगाय शरयूकडे वळून जरा रुसूनच म्हणाली. "सगळं नवीन मुलांनाच देता तुम्ही."

"मला बांधा आधी, माझं वय बघा," रानरेडे म्हणाले.

शरयूनं सकाळी जरा जास्तच लाजाळू आणली होती. किती जास्त ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दुपारपर्यंत कमिटीच्या झाडाखाली सगळे बुजुर्ग समोरासमोर बसले. कुणी रवंथ करेना. केलं की पानं मिटायची. कुणी उठेना. गोदाबाईंना त्या दिवसाचा वृत्तांत लिहायचा होता, पण लिहायचं तर नख हलवावं लागणार. त्या जिंकत होत्या. त्यांनी नख हलवलं नाही. आणि जे लिहिलं गेलं नाही ते त्या जंगलात झालं नाही असंच धरायचे, त्यामुळे उद्घाटन झालं नाही, ठरावही झाला नाही.

संध्याकाळी ससुल्यानं पटांगणावरची वेल कुरतडून खाल्ली. बरी लागली म्हणे.

असे कितीतरी दिवस गेले. शरयू रोज सकाळी लाजाळू खुडायची, पट्टे वळायची, कमिटीला बांधून यायची. गोदाबाई सोडल्या तर कुणी बारा पानांपर्यंत पोचलं नाही. एकदा आबासाहेब अकरावर होते, तेव्हा वरच्या फांदीवर नलूला शिंक आली. नलूला सर्दी नव्हती.

एक दिवस शरयू पट्टा बांधत असताना आबासाहेबांनी दातांतल्या दातांत विचारलं, "बाई, मुलं हल्ली दिसत नाहीत. त्यांना मिळतात ना पट्टे?"

"नाही, आबासाहेब. लाजाळू तुम्हालाच पुरत नाही."

"अरेरे." त्यांचा आवाज खरंच हळवा झाला. "मग करतात काय बिचारी दिवसभर?"

तेवढ्यात बेहड्याजवळच्या पटांगणाकडून एक मोठ्ठी आरोळी उठली. धुळीचा लोट झाडांच्या वर गेला. कुणीतरी "चीटिंग! चीटिंग!" म्हणून किंचाळलं, आणि तो आवाज टोचीचा होता. आबासाहेबांची दोन पानं मिटली.

"काढतात दिवस कसेबसे," शरयू म्हणाली.

"त्यांना म्हणावं, धीर धरा. पुढच्या पावसाळ्यात नवी लाजाळू उगवली की पहिला पट्टा मुलांनाच."

"सांगते," शरयू म्हणाली. तिनं मान मात्र हलवली नाही. आबासाहेबांना वारा लागला असता.

तात्पर्य : मुलांसाठी म्हणून जे जे नवं यंत्र निघेल, ते आधी घरातल्या मोठ्यांना बांधावं. मोठे एका जागी गप्प बसले की मुलांच्या विकासाला वाव मिळतो.